पहिली पेरणी माव्याची

दिवस १, सोमवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गॅलरीतल्या सहा कुंड्यांमध्ये नॅस्टर्शियम पेरलं. कुंडीला तीन बिया, एकूण अठरा. वाळलेल्या वाटाण्यासारखी सुरकुतलेली बी असते. ती रात्रभर पाण्यात भिजवायची आणि बोटाच्या एका पेराएवढी खोल घालायची. पाकिटावर छापलंय, उगवायला दहा दिवस, फुलायला पंचावन्न. म्हणजे फुलं छप्पन्नाव्या दिवशी, आणि छप्पन्नावा दिवस रविवार येतो. इतकं चोख डेपोतही कधी जुळलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी बस डेपोत टाइमकीपर होतो. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, याची नोंद ठेवायची. लोक म्हणतात, त्यात काय एवढं? एक दिवस बसून बघा म्हणावं. निवृत्त होऊन पाच महिने झाले. ही तिच्या मोठ्या बहिणीकडे, आक्काकडे, जाऊन साडेचार. दिवस मोजायला काहीतरी हवं म्हणून ही वही. नाहीतर मंगळवार की बुधवार तेही कळेनासं झालंय.

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. झाडं हिची. नॅस्टर्शियमवर तर हिचा फार जीव. पान तोंडात टाकलं की मिरीसारखं झणझणतं, ही जाता-येता खायची. मीही एकदा खाल्लं होतं. बरं लागलं नाही, तसं सांगितलंही.

आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ही गेली. पण खरं कारण मला माहीत आहे, मी काही दूधखुळा नाही. माझ्या निरोपाच्या वेळी डेपोतली मंडळी घरी यायची होती आणि नेमका हिच्या कुंड्यांवर मावा पडलेला. काळे काळे किडे, देठ दिसेना इतके चिकटलेले. पाहुण्यांसमोर ही शोभा नको म्हणून मी दुकानातून औषध आणून फवारलं. मावा मेला, त्याबरोबर आणखीही बरेच किडे मेले. ही आली, कुंड्यांपुढे उभी राहिली, आणि एक शब्द बोलली नाही. आठवड्याने बॅग भरली.

आता मी फवारणी न करता फुलवून दाखवतो. मग न येण्याला कारणच उरत नाही.

दिवस ७, रविवार

रविवारी दहा वाजता मी आक्काकडे फोन करतो. हिचा मोबाइल इथेच कपाटात आहे, विसरला म्हणते. उचलतात नेहमी आक्काच. आज धापा टाकत होत्या. "आत्ताच बाजारातून आले, चार जिने चढले," म्हणाल्या. मी विचारलं, गुडघा कसा आहे? "कसला गुडघा? हां, तो होय! आहे आपला." गुडघा म्हणजे नाजूक जागा. वेळ लागणारच.

हिला सांगितलं, नॅस्टर्शियम लावलंय.

"तुम्ही?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

 मग म्हणाली, "फुलं आली की बघायला येईन."

येईन म्हणाली! मी फोन ठेवून घरभर दोन चकरा मारल्या. दोन खोल्यांत चकरा त्या किती लांब होणार, पण मारल्या.

दिवस ११, गुरुवार

अठरापैकी चौदा वर आली. चार गैरहजर, पण चालतंय. छोट्या छत्रीसारखी गोल पानं आहेत. मी मेमो देणार नाही.

दिवस २१, रविवार

फोनवर ही म्हणाली, "काल आक्का आणि मी सिनेमाला गेलो होतो. शेवटपर्यंत पाहिला."

म्हटलं, परत यायला गर्दी झाली असेल.

"झाली," म्हणाली. खुशीत वाटली. गर्दीत खूश होण्यासारखं काय असतं देव जाणे. आम्ही जायचो तेव्हा मी दहा मिनिटं आधीच हिला उठवायचो. थिएटरमधून सगळ्यांच्या आधी बाहेर, थेट पहिली बस. शेवट काय होणार ते एव्हाना कळलेलंच असतं.

दिवस २६, शुक्रवार

रोपं पसरलीत झकास, पण कळीचा पत्ता नाही. कोपऱ्यावरच्या नर्सरीवालीला दाखवायला एक फांदी घेऊन गेलो. जाडजूड, खमकी बाई. फांदी बघून म्हणाली, "काका, खत किती घातलंत?"

म्हटलं, भरपूर. आठवड्याला एकदा, ठरल्या वारी.

बाईने कपाळावर हात मारला. "अहो, हे हडकुळ्या मातीत फुलणारं झाड. एवढे लाड केलेत तर नुसती पानं काढत बसेल. आणि अशा लुसलुशीत पानांवर मावा तुटून पडतो. ढगाळ हवा होऊ दे, बघाच मग."

म्हटलं, नेमका कधी पडेल तेवढं सांगा. तर बाई हसायला लागली. म्हणाली, "तुमच्या बसगाड्या वेळेवर येत होत्या का?" अंगाचा तिळपापड झाला. माझ्या डेपोच्या येत होत्या.

वेळ पाळणं हा काही गुन्हा नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मी हिला कुठे एकदाही उशीर होऊ दिला नाही आणि कुठे अडकूही दिलं नाही. लग्नं, बारशी, नाटकं, सगळीकडून वेळेत घरी. अकरा वर्षांपूर्वी हिच्या आई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हाही. शेवटच्या दिवशी ही उशाशी बसली होती, शेवटची गाडी साडेआठची. मी सव्वाआठला खांद्याला हात लावून उठवलं. आई पहाटे गेल्या. डॉक्टर म्हणाले होते दोन दिवस काही होत नाही, त्याला मी काय करणार? सकाळच्या पहिल्या गाडीने लगेच घेऊन गेलो. ही काही बोलली नाही. समजूतदार आहे, पहिल्यापासून.

खत बंद.

दिवस ३४, शनिवार

ढग. दोन कळ्या. आज चहा चुकून दोन कपांचा टाकला. दोन्ही मीच प्यालो.

दिवस ३९, गुरुवार

आला. काल संध्याकाळपर्यंत एक नव्हता. आज सकाळी बघतो तर कळ्यांच्या खाली, पानांच्या पाठी, देठांना, सगळीकडे काळा थर. बोटाने पुसला, पाण्याने धुतला. दुपारी पुन्हा तेवढाच. सहाच्या सहा कुंड्या.

औषधाची बाटली मोरीखाली अजून अर्धी आहे. दोनदा मोरीपाशी जाऊन आलो. मनात आलं, फवारून टाकावं, फुलं येतील, हिला कुठे कळणार आहे? मग तिसऱ्यांदा गेलो आणि बाटली नेऊन नर्सरीवालीच्या हवाली केली. म्हटलं, याचं काय करायचं ते करा, माझ्या घरात नको.

दिवस ४२, रविवार

हिला खरं काय ते सांगून टाकलं. मावा पडलाय, फुलं काही येत नाहीत. आवाज जरा फुटला, खोकला आल्याचं दाखवलं.

ही म्हणाली, "पडू दे. पहिली पेरणी माव्याचीच असते."

"म्हणजे?"

"मी दरवर्षी दोनदा पेरायची. पहिली त्यांच्यासाठी. मावा सगळा त्या रोपांवर जमतो. मग त्याला खाणारे ढालकिडे येतात, ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. ते वाढले, त्यांनी मावा संपवत आणला, की दुसरी पेरायची. ती आपली. तिच्यावर काही पडलं तरी ते किडे बघून घेतात."

 तेहतीस वर्षं त्याच गॅलरीत कपडे वाळत घालतोय, मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे मी फवारलं ती पहिली पेरणी होती. आणि जे आणखी किडे मेले म्हणून मी लिहिलंय, ते हेच.

"बोलली का नाहीस तेव्हा?"

"तुम्ही हातात बाटली घेऊनच उभे होतात की."

म्हटलं, बरं, दुसरी कधी पेरू? तारीख सांग.

"ते तारखेवर नसतं. बघत बसावं लागतं."

"किती दिवस?"

"अहो, बघत बसावं लागतं."

मागे आक्का कुणालातरी काहीतरी सांगत होत्या आणि दोन-तीन बायका खळखळून हसत होत्या. ही म्हणाली, "ठेवते हं, सगळ्या आल्यात." सगळ्या म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.

दिवस ४५, बुधवार

आज माझ्या हातून घोळ झाला. माव्यात नवीनच एक कीड दिसली. करडी, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, इवलीशी सुसरच म्हणा ना. म्हटलं, एक संकट कमी होतं म्हणून हे दुसरं. सात-आठ चिरडल्या. एक डबीत घालून नर्सरीवालीकडे नेली.

ती डबी उघडून बघते तो तिचा चेहराच पडला. "काका, ही ढालकिड्याची पिल्लं. मोठ्यांपेक्षा ही जास्त मावा खातात."

डबीतली तेवढी एक जिवंत परत आणली आणि मावा सर्वांत दाट होता तिथे सोडली. दिवसभर तोंड कडू होतं. ज्यांची वाट बघत होतो त्यांनाच आल्या आल्या चिरडलं.

दिवस ५६, रविवार

आज फुलं यायची होती. पानं पिवळी पडलीत, रोपं माना टाकून बसलीत. दहा वाजले, सव्वादहा झाले, मी फोन केला नाही. काय सांगणार होतो? पाहुणीला बोलवायचं आणि दाखवायला हे.

दुपारी साडेचारला फोन वाजला. ही! स्वतःहून, सहा-साडेसहा महिन्यांत पहिल्यांदा.

"आज फोन नाही केलात. बरं आहे ना?"

"बरा आहे."

"जेवलात?"

"जेवलो." जेवलो नव्हतो. फोन ठेवल्यावर जेवलो. नुसतं जेवलात का विचारलं, तर डोळे पुसावे लागले. माणसाने निवृत्त झाल्यावर इतकं हळवं होऊ नये.

दिवस ५९, बुधवार

गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलोय. करायचं काहीच नसतं, फक्त बघायचं. पहिले दोन दिवस जीव नुसता वरखाली होत होता. आता पोटऱ्यांना मुंग्या येईपर्यंत बसतो. एक ढालकिडा एका पानावर बेचाळीस मावे खातो हे आज मोजलं. पुढे मोजणं सोडून दिलं. माझ्या तावडीतून वाचलेल्या पिल्लांचे ढालकिडे झालेत. दोन कुंड्यांवरचा मावा जवळजवळ साफ आहे.

रोपांची दशा बघून उपटून टाकायला हात शिवशिवतात, पण ठेवलीत तशीच. किड्यांचं घर आहे ते.

संध्याकाळी वाटलं, आता. का वाटलं ते सांगता येणार नाही. बी भिजवायला आदली रात्र मिळाली नव्हती म्हणून तीन तास भिजवून जुन्या रोपांच्या मधल्या जागेत पेरली. किती वाजता ते बघायचं विसरलो. आजपासून पुन्हा एक.

दुसरी पेरणी, दिवस ३०, गुरुवार

खत बंद करून दोन महिने झाले, माती आता हडकुळी. रोपं बारीक पण ताठ. मावा आहे, पाच-पंचवीस. किडे फिरतायत. मी बसलोय.

रविवारी आक्का फोनवर सहज बोलून गेल्या, "तुमची बायको हल्ली आमच्या बायकांत अशी रमते, सोमवारी गाण्याला, गुरुवारी तळ्यावर. काळोख पडेपर्यंत उठत नाहीत भवान्या! मीही जाते मागून चालत." मी म्हटलं, छान. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आक्का तळ्यापर्यंत चालत जातात. गुडघ्याला आता काही नाही. कधीच बरा झालाय.

म्हणजे ही तिथे राहते ती राहायचं म्हणून राहते.

दुसरी पेरणी, दिवस ५१, गुरुवार

नारिंगी. एक, आणि खाली लपलेलं आणखी एक. उद्यापर्यंत चार होतील. लगेच फोन केला, गुरुवार असूनही. ही तळ्यावर गेली होती. आक्काकडे निरोप ठेवला, फुलं आली.

दुसरी पेरणी, दिवस ५४, रविवार

ही आली होती.

अकराला आली. केस कापलेत, खांद्यापर्यंत. छान दिसते. ते बोलायचं मनात होतं आणि तोंडातून निघालं, "बस मिळाली वेळेवर?" सरळ गॅलरीत गेली. एक पान उलटं करून पाहिलं. "आहेत थोडे," म्हणाली. म्हटलं, असू देत. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि एक फूल खुडून तोंडात टाकलं. मीही टाकलं. झणझणीत. वाईट नाही लागत.

"पहिली रोपं ठेवलीत तुम्ही!" तिला खरंच नवल वाटलं.

जेवलो. भात गिचका झाला होता, तिने ताक घालून खाल्ला. मग पुन्हा गॅलरीत. किती छान चाललं होतं. मलाच दम धरवला नाही. म्हटलं, "मग बॅग कधी आणायची?"

"कसली बॅग?"

"तुझी. फुलं आली. फवारलं नाही. आता काय राहिलं?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "अहो, मी फवारणीसाठी गेले असं वाटतं तुम्हाला?"

"मग?"

"आईचा हात माझ्या हातात होता. तुम्ही म्हणालात, सव्वाआठ झाले."

"शेवटची गाडी—"

"साडेआठची. माहीत आहे मला. मी तेव्हा उठले, त्याचा राग मला माझाच येतो. कळलं का? तुमचा नाही. तुम्ही उठवलंत आणि मी उठले. सगळीकडूनच उठले. आक्काकडे मला कुणी उठवत नाही."

अकरा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी मागे याच वहीत त्या दिवसाबद्दल लिहिलंय. आज ते पान काढून वाचलं. समजूतदार आहे म्हणून लिहिलंय मी!

म्हटलं, "चुकलं माझं. तुला तिथेच राहू द्यायला हवं होतं. मीही राहायला हवं होतं." तिने मान हलवली आणि डोळे पुसले. मग बराच वेळ आम्ही बसलो.

जाताना दारात विचारलं तिने, "मी नाही आले तरी लावाल का ही?"

"हो," म्हटलं. खोटं होतं. स्टॉपवर सोडायला गेलो. गाडी बारा मिनिटं लेट आली. एकतीस वर्षं लेट ड्रायव्हरांना झापलं, आज त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

मंगळवार

दोन दिवस फुलांकडे बघवेना. आज बघितली, सतराएक आहेत. इतकी चांगली आली आणि काही उपयोग नाही. घर भरून राहिलंय तिच्यानेच, आणि ती नाही.

माझा हिशेब चुकला तो इथे. मला वाटलं, फुलं आली की ती येईल. म्हणून फुलं हवी होती. तिला काय हवंय ते विचारलंच नव्हतं, आणि मला काय हवंय तेही सांगितलं नव्हतं. बॅग कधी आणायची म्हणे! बस लागली, चढा, असं म्हटल्यासारखं.

फुलं नसती आली तरी मला ती हवी आहे. तिकडे राहिली तरी हवी आहे. हे लिहून झाल्यावर वाटलं, वहीला सांगून काय होणार?

फोन केला. पलीकडून "हॅलो" आला आणि मी थांबलोच नाही, थांबलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, "मला तू हवी आहेस. स्वयंपाकाला नाही, सोबतीला नाही, तूच. तुला तिकडे बरं वाटतंय तर तिकडे राहा, मी तिकडे येईन, तळ्यावर तू उठेपर्यंत बसेन. तुझी फार आठवण येते गं. आणि केस छान दिसतात."

 मग आक्कांचा आवाज, "भावजी, मी बोलतेय."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात त्या ओरडल्या, "खबरदार ठेवलात तर! थांबा, तिला देते. आणि आत्ता म्हणालात ते सगळं पुन्हा म्हणा. असंच. एक शब्द गाळायचा नाही."

पावलं वाजली. कुजबुज झाली. मग तिचा श्वास ऐकू आला. शब्द पुढेमागे झाले, केसांचं आधी आलं. पण सगळं म्हटलं.

 मग म्हणाली, "इतक्या वर्षांत हे म्हणायला वेळ नाही मिळाला?"

"नाही मिळाला," म्हटलं. खरं तेच सांगितलं.

तिकडे ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. कधी येणार ते मी विचारलं नाही. तिने विचारलं, गुरुवारी काही काम आहे का?